रिकाम्या वावरातला पंचनामा

एप्रिल 2023 मधली दुपार होती. आमच्या वावराच्या बांधावर तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि कृषी सहायक उभे होते आणि आम्ही सगळे नांगरून टाकलेल्या रानाकडं बघत होतो. ढेकळं वर आली होती, बाकी काही नव्हतं. या रानात लाल कांदा होता, असं त्या तिघांनी लिहून द्यायचं होतं. कांदा तर फेब्रुवारीतच उपटून, विकून, पैसे वाटून मोकळा झालो होतो.

बांधाला वाळलेल्या पातीचा ढीग पडला होता. तो मी काठीनं उसकटला. खाली चार-पाच चिंगळ्या, म्हणजे बारीक कांद्या, निघाल्या, कोंब फुटलेल्या. कृषी सहायकानं वाकून मोबाईलवर त्यांचा फोटो घेतला. ग्रामसेवक म्हणाले, "चला, पुरावा झाला." भाऊसाहेबांनी सही केली. माणसं तिघंही चांगली होती. उन्हात आली, चहा घेऊन गेली, एक रुपया मागितला नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तरीही ते गेल्यावर मी बांधावर बराच वेळ बसून राहिलो. आपल्याच रानात आपणच पिकवलेलं पीक होतं की नव्हतं, हे तिसऱ्याच्या सहीनं ठरावं, याचं वाईट वाटत होतं.

तिथपर्यंत कसा आलो, ते सांगतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव पार झोपला. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला 512 किलो कांदा विकून हाती दोन रुपयांचा चेक मिळाला, ती बातमी देशभर गेली. आमच्या नाशिक जिल्ह्यात वेगळं काही चाललं नव्हतं. माझ्या एका ट्रॉलीची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, मी अजून जपून ठेवली आहे. 24 क्विंटल 60 किलो, भाव 425, एकूण 10,455 रुपये. हमाली-तोलाई तीनशे, ट्रॅक्टरचं भाडं दोन हजार, काढणी आणि कापणीची मजुरी साडेचार हजार. उरले साडेतीन हजारांच्या आसपास. बियाणं, रोपं, लागवड, खत, चार फवारण्या आणि विजेचं बिल, सगळं त्यातून निघायला हवं होतं.

मग ओरड झाली, अधिवेशनात गोंधळ झाला आणि राज्य सरकारनं सानुग्रह अनुदान जाहीर केलं. क्विंटलला 350 रुपये, एका शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंत, 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात विकलेल्या कांद्याला. माझा 163 क्विंटल बसत होता, म्हणजे 57,050 रुपये. घरात मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाची चिंता होती. नाही म्हणायची ऐपत नव्हती. अर्ज केला.

अर्जाला विक्रीच्या मूळ पट्ट्या, आधार, बँकेचं पासबुक आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा लागत होता. पट्ट्या होत्या. सातबाऱ्यावर मात्र कांदा नव्हता. पिकाची नोंद आता आपली आपण मोबाईलवर करायची असते, ई-पीक पाहणी म्हणतात तिला. वावरात उभं राहून फोटो काढायचा आणि अॅपवर चढवायचा. आमच्या रानात नेटवर्क येत नाही. दोनदा प्रयत्न केला, गोल फिरत राहिलं, तिसऱ्यांदा लागवडीच्या धांदलीत राहून गेलं. गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं हेच झालं होतं. म्हणून मग नोंद नसलेल्यांसाठी तिघांच्या समितीनं पाहणी करून दाखला द्यायचं ठरलं, आणि ती समिती आमच्या रिकाम्या वावरात येऊन उभी राहिली.

दुसरा अडथळा नावाचा होता. सातबारा आईच्या नावावर, पट्ट्या माझ्या नावावर. त्यासाठी आईचं संमतीचं शपथपत्र लागणार होतं.

ही जमीन आईच्या नावावर का आहे, ते सांगायलाच हवं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शेतकरी संघटनेचे. छातीवर लाल बिल्ला लावायचे. नोव्हेंबर 1980 मध्ये ऊस आणि कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवल्या, तेव्हा ते रुळावर बसलेल्यांत होते. खेरवाडीला गोळीबार झाला, त्यात दोन शेतकरी गेले. दादा त्यानंतर आठ दिवसांनी घरी आले, असं आई सांगते. मी पुढच्या वर्षी जन्मलो. आई स्वतः 1986 ला चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला मावशीबरोबर पायी गेली होती, भाकरी फडक्यात बांधून. पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. घरच्या लक्ष्मीच्या कष्टाची परतफेड म्हणून जमिनीचा काही वाटा तिच्या नावावर करून द्या, असं ते गावोगाव सांगत फिरले. दादांनी हे वावर आईच्या नावावर केलं. कुणी सक्ती केली नव्हती, कुठला कायदा नव्हता, अनुदान नव्हतं. एका माणसानं पटवून दिलं आणि दुसऱ्यानं आपल्या मालकीचं आपल्या हातानं दिलं. माझ्या दृष्टीनं आमच्या घरात झालेला तो सगळ्यात मोठा व्यवहार.

त्याच जमिनीसाठी आईला मी तालुक्याच्या गावी घेऊन गेलो. शंभराचा मुद्रांक, टंकलेखकाकडं रांग. "माझा मुलगा माझ्या संमतीने सदर क्षेत्र कसतो व विक्री करतो" असं त्यावर छापलं होतं. आईनं वाचून घेतलं, दोनदा. सही करताना पेन थांबवला आणि विचारलं, "भाऊ, हे कुणाला सांगायचंय?"

मी म्हटलं, "सरकारला."

"आपल्या घरातलं त्यांना कशाला सांगायचं?"

मी अनुदानाचं समजावून सांगितलं. तिनं सही केली. परत येताना गाडीवर मागं बसून ती बोलली नाही. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाली, "तुझे दादा असते तर त्यांनी हा कागद केला नसता."

ते वाक्य मला लागलं, अजून लागतं. दादांची सारी उमर याच गोष्टीवर गेली होती. सूट नको, सबसिडी नको, आमच्या मालाच्या आडवे येऊ नका, हे ते सांगत राहिले. आणि मी त्यांच्या वावरातल्या चिंगळ्यांचा फोटो काढू देऊन मदत मागत होतो. पैसे पावसाळा सरताना यायला लागले, तेही हप्त्यानं, पहिला दहा हजारांचा.

पण तो पहिला हप्ता यायच्या आधीच दुसरीकडं काय झालं बघा. त्याच वर्षीचा उन्हाळ कांदा मी साठवणीच्या कांदाचाळीत भरला होता. एप्रिलमध्ये काढलेला, मान नीट वाळवून कापलेला, वीस टनांची चाळ. चाळीत कांदा ठेवणं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला एकदा दाखवावंसं वाटतं. पाऊस लागला की दर आठ दिवसांनी खालून हवा खेळते का बघायचं, वास आला की ती बाजू उकरायची, सडका काढायचा, पाणी सुटलेल्या कांद्याचे हात दोन दिवस वास देतात. ऑगस्टपर्यंत चार-पाच टन वजन आपोआप गेलेलं असतं. काही सडून, काही सुकून. हे सगळं माणूस एका आशेवर सोसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात नवा माल नसतो, तेव्हा भाव मिळेल. ही जोखीम माझी. भाव पडला तर मी रडत दिल्लीला जात नाही.

भाव वाढायला लागला आणि 19 ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. लिलाव बंद पडले. मग 2,410 रुपये क्विंटलनं आणखी दोन लाख टन सरकारी खरेदीची घोषणा झाली. मी खरेदी केंद्रावर नमुना घेऊन गेलो. आकार, रंग, पत्ती उडालेली नको, कोंब नको. साडेचार महिने चाळीत राहिलेल्या कांद्याची पत्ती उडणारच. माझ्या मालातला जेमतेम तिसरा हिस्सा त्यात बसला असता, निवडायची मजुरी माझी. मी परत आलो. ऑक्टोबरच्या शेवटी 800 डॉलर टन किमान निर्यातमूल्य लावलं, म्हणजे त्याहून कमी भावानं बाहेर विकायचा नाही. आणि डिसेंबरात थेट बंदी.

तो दिवस, 8 डिसेंबर 2023, शुक्रवार, मला मिनिटामिनिटानं आठवतो. आदल्या दिवशी शेजारच्याची ट्रॉली 3,651 ला गेली होती. मी रात्री नव्या लाल कांद्याची ट्रॉली भरून ठेवली, पहाटे चारला निघालो, रांगेत माझा चाळिसावा नंबर. थंडी होती, आम्ही पाच-सहा जण चगाळ पेटवून बसलो होतो. उजाडल्यावर एकाच्या मोबाईलवर अधिसूचना आली. इंग्रजी होती. एका पोरानं वाचून सांगितलं, 31 मार्चपर्यंत निर्यात बंद. कुणी काही बोललं नाही. लिलाव सुरू झाला आणि पहिली बोली 2,100 ची निघाली. ट्रॉलीतला कांदा तोच, रात्रीचा. त्याला ना पाणी लागलं होतं, ना बुरशी. क्विंटलमागं दीड हजार रुपये एका कागदानं नेले होते. लिलाव बंद पाडला, लोक रस्त्यावर बसले, मीही बसलो. तिसऱ्या दिवशी तीच ट्रॉली 1,900 ला दिली. लाल कांद्याला टिकवण नसते, घरी नेऊन करायचं काय?

मला कुणी विचारलं नव्हतं. नोटीस नाही, सुनावणी नाही. अनुदानाच्या वेळी साडेतीनशे रुपयांसाठी आईचं शपथपत्र, तीन माणसांचा पंचनामा, मूळ पट्ट्या, सगळं लागलं. माझे दीड हजार घेताना मात्र एक सहीसुद्धा लागली नाही.

माझी बहीण डोंबिवलीला असते. त्या आठवड्यात तिचा फोन आला, तेव्हा मी तिच्यावर थोडा चिडलो, ते चुकलंच. म्हटलं, तुमच्यासाठी चाललंय हे सगळं. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, आम्हाला महिन्याला चार-पाच किलो कांदा लागतो. साठचा ऐंशी झाला तर शंभर रुपये जातात. त्यासाठी तुझी ट्रॉली अडवा असं मी कधी कुणाला म्हटलं?" मग थोडं थांबून म्हणाली, "पण आमच्याकडं कामाला येणाऱ्या ताई आहेत, त्यांना ते शंभर रुपये जड जातात, हेही खरं."

खरंच आहे ते. मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्या ताईंना महाग कांदा परवडत नसेल तर त्यांना मदत व्हावी, सगळ्या देशाच्या तिजोरीतून व्हावी, त्यात माझाही कर जावा. पण ती मदत एकट्या कांदावाल्याच्या खिशातून, त्याला न विचारता, त्याच्या विक्रीचा रस्ता अडवून का करायची? डोंबिवलीच्या डॉक्टरला, रिक्षावाल्याला, फ्लॅट विकणाऱ्याला सरकार असं म्हणत नाही की यंदा भाव वाढला, आता तुमचा धंदा चार महिने फक्त आम्ही सांगू त्या गिऱ्हाईकाशी. घटनेच्या 19व्या कलमात व्यवसायाचं स्वातंत्र्य लिहिलंय, ते आमच्या वावराच्या बांधापर्यंत येऊन थांबतं. आवश्यक वस्तू कायदा 1955 चा, मालाच्या साठ्यावर आणि विक्रीवर सरकारला बंधनं घालू देणारा. तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवलाय, ते परिशिष्टच मुळी कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून वाचवण्यासाठी 1951 मध्ये जोडलेलं. निर्यात अडवायला 1992 चा विदेश व्यापार कायदा आहेच. दादा हे सगळं पाठ म्हणायचे. मी लहानपणी कंटाळायचो.

एकदा मला वाटलं होतं की हे बदलेल. 2020 मध्ये आवश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती आली. कांदा, बटाटा, कडधान्यं, तेलबिया यांच्यावर एरवी साठ्याची मर्यादा लावायची नाही, नाशवंत मालाचा भाव दुप्पट झाला तरच लावायची, असं त्यात होतं. मी त्या दुरुस्तीच्या बाजूनं गावात लोकांशी भांडलो. ती 15 सप्टेंबरला लोकसभेत मंजूर झाली. आदल्याच दिवशी, 14 सप्टेंबरला, त्याच सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळ दुकानदाराला 2 टन अशी साठ्याची मर्यादा लागली. पुढं ही दुरुस्ती धरून आलेले तिन्ही कृषी कायदे 2021 मध्ये मागं घेतले गेले, त्याला कारणं वेगळी होती, त्यात मी जात नाही. पण त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आणि तेव्हापासून कोणत्याच पक्षाच्या शब्दावर माझा विश्वास राहिला नाही. आधीच्या सरकारांनी हेच केलं, आत्ताच्यानं हेच केलं. दादा रुळावर बसले तेव्हा सत्तेत दुसरे होते.

2024 चा उन्हाळा त्याच बंदीत आला. 31 मार्चला बंदी संपणार म्हणून मी उन्हाळ कांद्याचं क्षेत्र कमी केलं नव्हतं. 22 मार्चला कागद आला, पुढील आदेशापर्यंत बंदी कायम. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. आमचा लाल. गावात त्यावरून फार संताप झाला, आणि तो रास्त होता, पण माझा राग गुजरातच्या शेतकऱ्यावर नव्हता. त्यानंही घाम गाळलाय, त्याचा माल गेला ते बरंच झालं. कुणाचा जाऊ द्यायचा आणि कुणाचा नाही, हे एखाद्या टेबलावर ठरतं, तिथं माझा राग आहे. त्यापाठोपाठ सहा देशांना 99,150 टन जाईल असं सांगितलं गेलं. त्या आकड्यातलं शेवटचं पन्नास टनसुद्धा कुणीतरी मोजून ठरवलं होतं.

4 मे ला बंदी उठली. 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क मात्र ठेवलं. आमच्या दिंडोरी मतदारसंघात 20 मे ला मतदान होतं. बाजारात काही लोकांनी पेढे वाटले, माझ्याही हातावर ठेवला. मी घेतला, पण तोंडात घालवेना. जो हात उघडतो तोच हात उद्या बंद करणार. मला त्या हाताची माया नको होती, तो हात माझ्या मालावर असायलाच नको होता. मी हे शेजारी उभ्या माणसाला बोललो. तो म्हणाला, "भाऊ, आज तरी सुखानं राहू द्या." तेही बरोबर.

पुढचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्के झालं, नोव्हेंबरात विधानसभा होती. उरलेलं शुल्क 1 एप्रिल 2025 पासून काढलं, तेव्हा उन्हाळ कांदा सगळीकडं एकदमच निघत होता. त्या आठवड्यात मला 1,150 मिळाले. रस्ता मोकळा होता, पण आखातातली आणि बांगलादेशाकडची जुनी गिऱ्हाइकं दीड वर्षात दुसरीकडं वळलेली होती, असं आमचा व्यापारी सांगतो. दरवेळी दार लागतं तेव्हा पलीकडचा माणूस काय तिथं उभा राहून वाट बघतो?

गेल्या हंगामात मी ई-पीक पाहणी वेळेवर केली. खातेदार आई, म्हणून तिलाही वावरात घेऊन गेलो. लागवड होऊन महिना झाला होता, पात गुडघ्याच्या खाली, सकाळचं दव होतं. आई वाकून एका वाफ्यातलं गवत काढत होती. मी मोबाईल उभा धरून चौकटीत पीक बसवत होतो.

"कशाला काढतोस फोटो?" तिनं विचारलं.

"कांदा लावल्याची नोंद. उद्या काही अनुदान जाहीर झालं तर लागते. मागच्या वेळेसारखं नको व्हायला."

ती कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"म्हणजे परत बंद करणार आहेत का?"

मला उत्तर देता आलं नाही. फोटो काढला. नेटवर्क नव्हतंच, म्हणून तो चढवायला टेकडीवरच्या लिंबापर्यंत चालत गेलो. वरून बघितलं तर आई पुन्हा वाफ्यात वाकली होती.